बीट बनवायला पॅड कंट्रोलर घ्यावा, की एफएल आणि माउसच पुरे?

रानवारा_०७ :

नमस्कार मंडळी. मराठी रॅपसाठी बीट बनवतो. सॉफ्टवेअर एफएल स्टुडिओ प्रोड्युसर एडिशन, विंडोज लॅपटॉप, आय५, ८ जीबी रॅम. ऑडिओ इंटरफेस नाही, हेडफोन थेट लॅपटॉपच्या जॅकला. टेम्पो बहुतेक ८८ ते ९४.

आजवर सगळं चॅनेल रॅकमध्ये (१६ स्टेपच्या चौकटींत) माउसने. किक, स्नेअर, हॅट जमतात. पण ढोलकी-हलगीचे सुटे सॅम्पल लावले की ठेका निर्जीव वाटतो, स्विंगचा स्लायडर कितीही सरकवला तरी. बजेट १५ हजारांच्या आसपास. डोक्यात तीन पर्याय आहेत: अकाय एमपीडी२१८ सारखा साधा १६ पॅडचा कंट्रोलर, माशीन मायक्रो किंवा एमपीसी स्टुडिओसारखा स्वतःचं सॉफ्टवेअर घेऊन येणारा (बहुधा जुना), नाहीतर काहीच न घेता पियानो रोलच (एकेक नोट मांडायची खिडकी) नीट शिकणं. घरात भावाचा रोलँड एसपीडी-२० ऑक्टोपॅडही पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

तिहाई :

आधी एक साफ करू. तुम्ही लिहिलेल्यांपैकी एमपीडी, माशीन मायक्रो आणि एमपीसी स्टुडिओ या तिघांतही आवाज नाही. आवाज लॅपटॉपमधून येतो, पॅड फक्त कोणता स्वर आणि किती जोरात एवढा निरोप पाठवतो. त्यामुळे ‘एमपीसीचा पंच येईल’ म्हणून यातलं काही घेणार असाल तर पैसे वाचवा. लॅपटॉपशिवाय चालणारी यंत्रं म्हणजे एमपीसी वन, माशीन प्लस, एसपी-४०४ मार्क २. ती वेगळ्या बजेटची आहेत.

आता स्विंगचं. १९८८ च्या एमपीसी६० मध्ये एका बीटचे ९६ भाग होते, आणि एफएलचा प्रोजेक्टही मुळात ९६ पीपीक्यूवरच (बीटमागे ९६ टिक) उघडतो. म्हणजे एका स्टेपचे २४ टिक, स्टेपच्या जोडीचे ४८. एमपीसीचा स्विंग म्हणजे त्या जोडीतली दुसरी स्टेप किती टक्क्यांवर पडते ते. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळजवळ ट्रिप्लेट. ९० बीपीएमला एक स्टेप १६६.७ मिलिसेकंदांची. ५४ टक्क्यांना दुसरी स्टेप १३ मिलिसेकंद उशिरा येते, ५८ ला सुमारे २७, ६२ ला ४०. एफएलच्या स्लायडरवर हे टक्के लिहिलेले नसतात. हवे असतील तर ग्राफ एडिटरमध्ये शिफ्ट निवडून प्रत्येक दुसरी स्टेप २ टिक (५४), ४ टिक (५८) किंवा ६ टिक (६२) पुढे ढकला. एवढ्यासाठी यंत्र लागत नाही.

ढोलकी मात्र स्विंगने जिवंत होत नाही. तिथे प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा असतो आणि पुढे-मागे होण्याला ठरावीक साचा नसतो. एक स्टेप सोडून एक सारखंच ढकललं की उलट जास्तच यांत्रिक वाटतं. इथे हात लागतो. हाताने वाजवलेलं टिपायचं असेल तर प्रोजेक्टचं पीपीक्यू ९६ वरून ९६० करा. ९० बीपीएमला ९६ चा एक टिक ७ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे हाताची बारीक ओढाताण तिथेच गोल होऊन जाते. हे नव्या प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच करा. मध्येच बदललं तर आधीच्या नोट तपासत बसावं लागतं.

आणि खरेदीआधी लेटन्सी, म्हणजे कळ मारल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, मोजा. ड्रायव्हर ‘प्रायमरी साउंड ड्रायव्हर’ असेल तर कुठलाही पॅड निरुपयोगी ठरेल. ऑडिओ सेटिंगमध्ये एफएल स्टुडिओ एसिओ निवडा, बफर २५६ सॅम्पल. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३. हा फक्त बफरचा हिशोब, ड्रायव्हर आपलं काही वर घालतोच. खरा आकडा असा काढा: टायपिंग कीबोर्डवर एक कोरडा रिमशॉट लावा, हेडफोनचा कप आणि कळ दोन्हींच्या मध्ये मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा, कळ खटकन मारा. ती फाइल एडिसनमध्ये (एफएलचा ऑडिओ एडिटर) उघडली की दोन टोकं दिसतील, पहिलं कळेचं, दुसरं रिमशॉटचं. त्यांतलं अंतर म्हणजे तुमची खरी लेटन्सी. १५ च्या आत असेल तर वाजवता येतं. ३० च्या वर गेलं की हात नकळत घाई करतो आणि रेकॉर्ड झालेलं सगळं पुढे पळतं. ब्लूटूथ इअरफोन असतील तर मोजूच नका, शंभर-दोनशे मिलिसेकंद तिथेच जातात.

माझं मत: तिन्ही ठिकाणी तुम्ही एफएलमध्येच राहणार, तेव्हा साधा १६ पॅडचा कंट्रोलर घ्या.

चौकट_राजा :

तिहाई यांच्याशी अर्धा सहमत. स्विंग आणि लेटन्सीचं अगदी बरोबर. पण ‘आवाज नाही म्हणजे फरक नाही’ असा अर्थ निघतोय, तो पटत नाही. माशीन किंवा एमपीसी स्टुडिओचे पैसे पॅडचे नसतात, माउस न धरण्याचे असतात. सॅम्पल निवडणं, पॅडवर टाकणं, टोक कापणं, पिच बदलणं, पॅटर्नची नक्कल काढणं, एखादा आवाज बंद करून ऐकणं, हे सगळं त्याच पेटीवर होतं. साध्या पॅडवर ठोका हाताने आणि बाकी सगळं माउसने. दर वीस सेकंदांनी हात बदलतो, आणि बीटचं वातावरण बनत असताना तेवढंच पुरतं ते मोडायला.

आता यातली गोम. माशीन मायक्रो मार्क ३ ला एकच छोटा पडदा आहे, त्यावर वेव्हफॉर्म धड बघून चॉप करता येत नाही. शेवटी मान वर करून लॅपटॉपकडेच बघावं लागतं. मोठ्या माशीन मार्क ३ ला दोन रंगीत पडदे आणि आत ऑडिओ इंटरफेस आहे, तिथे हा वाद मिटतो, पण तुमचं बजेटही मिटतं. एमपीसी स्टुडिओला लहान रंगीत पडदा आणि टच पट्टी आहे, तरी मुख्य काम स्क्रीनवरच.

दुसरी गोम म्हणजे यांचं सॉफ्टवेअर एफएलमध्ये प्लगइन म्हणून चालवताना होणारी कसरत. एका पॅटर्नवर दोन मालक होतात: स्विंग माशीनमध्येही लावलेला आणि एफएलमध्येही, मग हॅट दुप्पट लंगडते. नियम एकच ठेवा, ड्रम जिथे वाजतात तिथेच स्विंग. पॅटर्न पक्का झाला की तो मिडी (नुसत्या नोटांचा निरोप) किंवा ऑडिओ म्हणून ओढून एफएलच्या प्लेलिस्टमध्ये टाका आणि प्लगइन बंद करा. ८ जीबी रॅममध्ये एवढं करावंच लागेल, नाहीतर व्होकल रेकॉर्ड करताना आवाज तुटायला लागतो.

आणि खरोखर एफएलच्या चॅनेल रॅकवरच प्रेम असेल तर अकाय फायर बघा. २०१८ पासून आहे, एफएलसाठीच बनवलेला. ४ ओळी, प्रत्येकीत १६ छोटे पॅड, म्हणजे चार चॅनेलच्या स्टेप थेट बोटाखाली. ढोलकी वाजवायला तो चालणार नाही, पॅड फार बारीक आहेत. पण ट्रॅप हॅट आणि किक मांडायला माउसपेक्षा कितीतरी पट जलद.

तिहाई :

@चौकट_राजा, माउस सोडण्याचा मुद्दा मान्य. फक्त प्रश्नकर्त्याची अडचण वेगाची नाही, ठेक्याची आहे. किक-स्नेअर त्यांना जमतंय. त्या अडचणीवर सर्वांत स्वस्त उतारा म्हणजे जोर ओळखणारे १६ रबरी चौकोन.

एमपीडी२१८ घेतलाच तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. एक, फुल लेव्हल बंद आहे ना बघा. ते चालू असेल तर हळू मारा वा जोरात, सगळं १२७ वरच (सर्वांत जास्त जोर) जातं आणि मग ‘पॅड खराब निघाला’ म्हणून दुकानात फेऱ्या. दोन, नोट रिपीट वापरणार असाल तर कंट्रोलरचं क्लॉक एक्स्टर्नल करा आणि एफएलच्या मिडी सेटिंगमध्ये आउटपुटच्या यादीत तोच पोर्ट निवडून ‘सेंड मास्टर सिंक’ चालू करा. नाहीतर पॅड स्वतःच्या टेम्पोवर हॅट मारत राहतो. पहिले दोन बार जुळल्यासारखे वाटतात आणि तिसऱ्यापासून घसरतात.

पडघम :

ऑक्टोपॅड घरात असताना मंडळी खरेदीच्या गप्पा मारतायत! रोलँडचा अगदी पहिला ऑक्टोपॅड, १९८५ चा पॅड-८, त्यात तर एकही आवाज नव्हता. तो निव्वळ मिडी कंट्रोलर होता. बँजो पार्टीत आणि ऑर्केस्ट्रात आपण त्याला वाद्य म्हणून ओळखतो, पण मूळ धंदा हाच.

एसपीडी-२० ला यूएसबी नाही, मागे पाच पिनांचा मिडी आउट आहे. एक यूएसबी-मिडी केबल घ्या. केबलवरच्या ‘इन’, ‘आउट’ या खुणा प्रत्येक कंपनी आपापल्या अर्थाने छापते, सिग्नल येत नसेल तर आधी टोकं अदलाबदल करून बघा. एफएलच्या मिडी सेटिंगमध्ये इनपुटच्या यादीत ती केबल निवडून ‘एनेबल’ करा. मिडी केबलमुळे उशीर होतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एका नोटेचे तीन बाइट जायला जेमतेम १ मिलिसेकंद लागतो. उशीर असतो तो ड्रायव्हरचा.

मग एफपीसी, म्हणजे एफएलमधला पॅडवाला ड्रम सॅम्पलर, उघडा. तिथे प्रत्येक पॅडची नोट ठरलेली असते आणि ती तुमच्या ऑक्टोपॅडशी जुळेलच असं नाही. एकेका पॅडला मिडी लर्न द्या आणि त्याचा ऑक्टोपॅडवरचा जोडीदार काठीने मारा. नावांवर जाऊ नका, आकडा बघा. मिडी नोट ३६ ला एफएल सी३ म्हणतं आणि एबलटन लाइव्ह सी१. नोट तीच.

आठच पॅड आहेत, तेव्हा मांडणी विचारपूर्वक. खालच्या रांगेत डावीकडे खुला बाया आणि त्याच्या शेजारी घुमारा, उजवीकडे चाट आणि खुली थाप. वरच्या रांगेत दाबलेला बाया, बंद थाप, हलगीचा मोठा ठोका, हलगीची बारीक काडी. ढोलकीसारखाच डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे. हा क्रम पाळला नाही तर वाजवणारा कितीही तयारीचा असो, काठ्या एकमेकींत अडकतात.

आता ज्याने जीव येतो ते:

– खुला बाया, घुमारा, दाबलेला बाया हे तिन्ही एकाच कट ग्रुपमध्ये टाका. खऱ्या ढोलकीत बायाचं कातडं एकच असतं, पुढचा ठोका पडला की आधीचा घुमारा तिथेच थांबतो. हे न केल्यास दोन घुमारे एकावर एक चढतात आणि खालचा आवाज चिखल होतो. लोक मग इक्वलायझरने कापत बसतात, रोग भलतीकडेच असतो.

– एका ठोक्याला एकच सॅम्पल नको. एफपीसीत एका पॅडवर अनेक थर लावता येतात. हळू, मध्यम, जोर असे निदान तीन, म्हणजे वेलॉसिटी (जोराचा आकडा) १ ते ५०, ५१ ते ९५, ९६ ते १२७. जोराचं सॅम्पल नुसतं बारीक केलं तर ते लांबून वाजवल्यासारखं येतं, हळू वाजवल्यासारखं नाही.

– सूर. गाणं काळी पाचमध्ये आणि ढोलकी काळी चारला लावून रेकॉर्ड केलेली असेल तर सॅम्पल २ सेमीटोन वर न्या. सुट्या ठोक्याला याचा त्रास नाही. तयार लूप असेल तर स्ट्रेच बंद ठेवून पिच वर नेताना तो वेगवानही होतो, १०० चा लूप ११२ च्या वर जातो.

– ऑक्टोपॅडचा गेट टाइम (नोटेची लांबी) लहान ठेवलेला असतो. तुमचं सॅम्पलर नोट संपली की आवाज तोडत असेल तर सगळे ठोके टक-टक येतील. सॅम्पलर वन-शॉटवर ठेवा.

– रेकॉर्ड करताना इनपुट क्वांटाइझ (नोट आपोआप ठरल्या जागी ओढणं) बंद. नंतर पियानो रोलमध्ये ऑल्ट-क्यू दाबून क्वांटाइझ उघडा आणि ‘स्टार्ट टाइम’ पूर्ण न देता अर्ध्याच्या खाली ठेवा. कंट्रोल-क्यू दाबू नका, ते एका फटक्यात सगळं सरळ करतं आणि मग माउसने मांडलेल्यात आणि यात काही फरक उरत नाही.

आणि घरात कुणी उत्साहाने एमपीडी आणलाच तर त्यावर काठी मारू नका. ते बोटांचे पॅड आहेत. रबराखाली दाब ओळखणारा पातळ पडदा असतो, काठीने त्याचा मधला भाग आधी बधिर होतो.

रानवारा_०७ :

सगळ्यांचे आभार. मोबाइलची चाचणी केली. आधीच्या ड्रायव्हरवर अंतर ६० च्या वर होतं. एफएल स्टुडिओ एसिओ, बफर २५६ केल्यावर १८ वर आलं.

ऑक्टोपॅड केबलने जोडला, नोट येतायत. दोन अडचणी आहेत. एका ठोक्याला कधीकधी दोन नोट पडतात, दुसरी बारीक. आणि माझं एक गाणं सहा मात्रांच्या ठेक्यात आहे, दादऱ्याच्या वजनाचं. चॅनेल रॅकमध्ये १६ स्टेप आहेत, तिथे ते बसतच नाही. मेट्रोनोम लावला तर आणखी गोंधळ.

पडघम :

दुसरी बारीक नोट म्हणजे काठी उसळून परत लागतेय, नाहीतर शेजारच्या पॅडचा हादरा. शेजारच्याच पॅडची नोट येत असेल तर हादरा समजा. त्यासाठी त्या पॅडचा थ्रेशोल्ड थोडा वर घ्या, संवेदनशीलता थोडी खाली. ऑक्टोपॅड टेबलावर ठेवला असेल तर स्टँडवर घ्या, निदान खाली जाड फोम तरी. त्याच पॅडची नोट असेल तर पियानो रोलमध्ये २० च्या खालच्या वेलॉसिटीच्या नोट निवडून उडवा. पण आधी ऐका, ढोलकीत तशी बारीक फटक हवीही असते.

तिहाई :

सहा मात्रांचं सोपं आहे. पॅटर्नची लांबी १२ स्टेप करा, एक मात्रा २ स्टेपची. मात्रा १, ३, ५, ७, ९, ११ या स्टेपवर येतात, मधल्या सम आकड्यांच्या स्टेप दुगुणीसाठी. टेम्पो लावताना लक्षात ठेवा, एफएलचा एक बीट ४ स्टेपचा, म्हणजे तुमच्या २ मात्रा. मिनिटाला २०० मात्रांची लय हवी असेल तर टेम्पो १००.

मेट्रोनोमचा गोंधळ इथूनच येतो. तो दर दोन मात्रांना टिकटिकतो आणि दादऱ्याचं वजन तीन-तीन मात्रांचं, धा धी ना, धा ती ना. दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. मेट्रोनोम बंद करा. एका रिकाम्या चॅनेलवर रिमशॉट लावा, १ल्या स्टेपला जोरात आणि ७ व्या स्टेपला हळू. तोच तुमचा मेट्रोनोम. रेकॉर्डिंग झालं की चॅनेल म्यूट.

स्विंगचा स्लायडर या पॅटर्नवर शून्यावर ठेवा. तो दर दुसरी स्टेप ढकलतो, म्हणजे इथे नेमकी दुगुण मागे जाईल आणि ठेका ओढल्यासारखा वाटेल. बाकी बीटला स्विंग हवाच असेल तर ढोलकीच्या चॅनेलचा स्विंग मिक्स वेगळा शून्यावर न्या.

चौकट_राजा :

ऑक्टोपॅड चालू झालाय तर १५ हजार कंट्रोलरवर घालवू नका, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या. त्याचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर असेल तर ते १८ आणखी खाली येईल, आणि रॅपचे व्होकल रेकॉर्ड करायची सोय होईल ती वेगळीच.

पुढेमागे जुना पॅड कंट्रोलर बघायला गेलात तर लॅपटॉप सोबत न्या. एफएलमध्ये एक पॅटर्न रेकॉर्डला लावून सोळाही पॅड आधी बोटाच्या टोकाने हळू, मग जोरात मारा आणि पियानो रोलखालच्या वेलॉसिटीच्या काड्या बघा. ज्या पॅडच्या सगळ्या काड्या एकाच उंचीच्या येतात किंवा फक्त कोपऱ्यातच लागतो, तिथला सेन्सर गेलाय. रबराखाली इलेक्ट्रिकच्या टेपचे एक-दोन थर चिकटवून तो बऱ्याचदा परत जागा होतो, पण त्यासाठी पेटी उघडावी लागते, तेव्हा भाव त्या हिशोबाने करा. यूएसबीची वायर सॉकेटमध्ये किंचित हलवून बघा, दिवे गेले तर सोडून द्या. माशीन किंवा एमपीसी स्टुडिओ असेल तर विकणाऱ्याच्या खात्यातून सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या खात्यात आल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याशिवाय हातात राहतो तो महागडा साधा पॅड.